दोन दगड, एकच वर्ष

ओहायो राज्याच्या वायव्येला टायमॉक्टी नावाचा एक ओढा आहे. त्याच्या काठाजवळ, मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये, १८७७ साली तिथल्या जुन्या वसाहतकारांच्या मंडळाने एक दगडी स्तंभ उभारला. कर्नल क्रॉफर्ड यांच्या स्मरणार्थ हा दगड, त्यांना इंडियनांनी (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी) या खोऱ्यात ११ जून १७८२ रोजी जाळलं, एवढाच त्यावरच्या मजकुराचा आशय आहे. मी कोलंबसला राहते. उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन तिथे गेले. बाबांनी आयुष्यभर कराडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवला. मॉलमध्ये किंवा बागांमध्ये त्यांचं मन रमत नव्हतं, पण रस्त्याकडेला एखादा फलक दिसला की "अगं, थांबव जरा" असं हमखास म्हणायचे. तो दगड त्यांनी नीट वाचला, मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का ते पाहून आले आणि म्हणाले, "जाळलं हे कळलं. पण का जाळलं?"

हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

अमेरिकेत रस्त्याकडेच्या ऐतिहासिक फलकांची मोठी परंपरा आहे. व्हर्जिनियाने १९२७ साली ते लावायला सुरुवात केली आणि मग एकेक राज्य त्यात उतरलं. ओहायोत असे फलक हजाराहून अधिक आहेत. ओतीव अॅल्युमिनिअमचा जाड पत्रा, त्यावर उठावाची अक्षरं, खाली एक खांब. यातले कितीतरी फलक ओहायोतल्याच मॅरिएटा गावच्या सीवा स्टुडिओज या कारखान्यात ओतले जातात. तोही १९२७ पासूनच चालू आहे. मला हे फलक मनापासून आवडतात. सरकारने आणि गावाने मिळून 'इथे काहीतरी घडलं होतं, थांबा' असं अनोळखी प्रवाशाला सांगावं, यात एक सभ्यपणा आहे. पण फलकावर जागा थोडी असते आणि वाचणाऱ्याला पुढे जायचं असतं. त्यामुळे नाव, हुद्दा, तारीख आणि शेवट एवढं मावतं. आणखी एक गोष्ट अशी, की फलक लावायची मागणी बहुधा स्थानिक मंडळी करतात, त्यासाठीचे पैसेही तीच उभे करतात. म्हणजे जे त्या गावात राहिले त्यांची माणसं फलकावर येतात. ज्यांना गाव सोडावं लागलं त्यांच्या बाजूने अर्ज करायला तिथे कोणी उरलेलं नसतं.

विल्यम क्रॉफर्ड मूळचा व्हर्जिनियाचा. जमिनीची मोजणी करणं हा त्याचा व्यवसाय होता. जॉर्ज वॉशिंग्टनही तरुणपणी मोजणीदारच होता, आणि दोघांची ओळख तेव्हापासूनची. १७५८ साली फ्रेंचांविरुद्धच्या, ब्रिटिश सेनापती फोर्ब्सच्या मोहिमेत दोघे बरोबर होते. पुढे १७६५च्या सुमारास क्रॉफर्ड डोंगर ओलांडून पश्चिमेला आला आणि यॉकिओगेनी नदीच्या उतारावर, आज पेनसिल्व्हेनियात कॉनेल्सव्हिल गाव आहे तिथे, त्याने लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं. त्या भागातल्या पहिल्या गोऱ्या वसाहतकारांपैकी तो एक. कॉनेल्सव्हिलमध्ये ग्रंथालयासमोर त्याचा पुतळा आहे. पेनसिल्व्हेनियात आणि ओहायोत त्याच्या नावाची एकेक कौंटीही आहे.

त्या वेळी तिकडे घर बांधणं हेच मुळात हुकमाबाहेरचं होतं. इंग्लंडच्या राजाने १७६३ साली जाहीरनामा काढून अॅपलेशियन डोंगररांगेच्या पलीकडे वसाहती करायला बंदी घातली होती. पलीकडचा मुलूख मूळ राष्ट्रांचा, तो परस्पर कोणी विकत घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट होतं. सप्टेंबर १७६७मध्ये वॉशिंग्टनने क्रॉफर्डला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो, की ही बंदी म्हणजे मूळ रहिवाशांची मनं शांत ठेवण्यासाठीची तात्पुरती सोय आहे, ती काही वर्षांत गळून पडेल. चांगल्या जमिनी हेरून ठेवायच्या तर आताच. क्रॉफर्डने जमिनी शोधाव्यात आणि खुणा करून ठेवाव्यात, खर्च आणि कागदपत्रं वॉशिंग्टन पाहील. हे सगळं गुप्त ठेवायचं, आणि कोणी विचारलं तर शिकारीला निघालोय असं दाखवायचं. क्रॉफर्डने ते काम इमानाने केलं. १७७० साली वॉशिंग्टन स्वतः आला, आणि दोघे फोर्ट पिटपासून (आजचं पिट्सबर्ग) ओहायो नदीने होडीतून खाली कनावा नदीच्या मुखापर्यंत जमिनी बघत गेले.

ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बंदुकीच्या आधी साखळी आली." मोजणीची साखळी. शेतकऱ्याच्या घरातला माणूस हे लगेच ओळखतो. गावात मोजणीदार आला की वाडवडिलांपासूनची वहिवाट एका दिवसात बदलू शकते, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

क्रॉफर्ड शिपाई म्हणून कच्चा नव्हता. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर तो व्हर्जिनियाच्या सातव्या पलटणीचा कर्नल झाला. ट्रेंटन, प्रिन्स्टन, ब्रँडीवाइन, जर्मनटाउन या नावाजलेल्या लढायांत तो होता. इकडच्या मुलांना ही नावं पाठ असतात, त्यांच्यासाठी तो निर्विवाद वीर आहे, आणि ते चूक नाही. पण पश्चिमेच्या सरहद्दीवर त्याने केलेल्या मोहिमा या यादीत सहसा येत नाहीत. १७७४ साली, स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी, व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याच्या युद्धात त्याने एक तुकडी नेऊन मिंगो लोकांची गावं उद्ध्वस्त केली. ती गावं सायोटो नदीकाठी होती, आज कोलंबस शहर आहे तिथे. मी रोज कामाला जाते त्या शहराच्या पोटात ती गावं आहेत, हे कळल्यापासून नदीवरच्या पुलावरून जाताना मला ते आठवतंच.

१७७८च्या फेब्रुवारीत फोर्ट पिटहून आणखी एक मोहीम निघाली. ब्रिटिशांचा दारूगोळा पकडायला निघालेली ती फौज पावसात आणि पुरात अडकली आणि शेवटी लेनापे लोकांच्या दोन लहान वस्त्यांवर तुटून पडली. तिथे लढाऊ पुरुष जवळजवळ नव्हतेच. बायका, मुलं, एखाददुसरा पुरुष. मारले गेलेल्यांत कॅप्टन पाइपचे नातलग होते. कॅप्टन पाइप म्हणजे होपोकन, लेनापेंच्या लांडगा कुळाचा प्रमुख. इंग्रज लेनापेंना डेलावेअर म्हणत. पाइप तोपर्यंत तटस्थ होता. त्या मोहिमेत क्रॉफर्ड होता.

यानंतरची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जड वाटते. नातलग मारले गेल्यावरही पाइप सात महिन्यांनी फोर्ट पिटला वाटाघाटीला आला. १७ सप्टेंबर १७७८ला तिथे झालेला करार हा अमेरिकेने एखाद्या मूळ राष्ट्राशी केलेला पहिला लेखी करार. लेनापेंनी अमेरिकी फौजांना आपल्या मुलखातून वाट द्यावी आणि अमेरिकेने त्यांच्या संरक्षणाला किल्ला बांधावा, असं ठरलं. पुढेमागे लेनापेंच्या नेतृत्वाखाली मूळ राष्ट्रांचं एक वेगळं राज्य व्हावं आणि त्याचा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसावा, असंही एक कलम त्यात होतं. लेनापेंच्या बाजूने तिघांनी खुणा केल्या: व्हाइट आइज, पाइप आणि किलबक. साक्षीदारांच्या सह्यांमध्ये एक सही आहे कर्नल डब्ल्यू. क्रॉफर्ड यांची. म्हणजे चार वर्षांनी टायमॉक्टीच्या काठी जे दोघे समोरासमोर येणार होते, त्यांची नावं एकाच कागदावर आहेत.

तो कागद फार दिवस टिकला नाही. ज्याने करारासाठी सर्वांत जास्त धडपड केली तो व्हाइट आइज त्याच वर्षी अमेरिकी फौजेला वाट दाखवताना मारला गेला. त्याला अमेरिकी मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेच्या, माणसांनीच मारलं. त्याच्या लोकांना मात्र तो देवीच्या आजाराने गेला असं सांगण्यात आलं. पाइप हळूहळू ब्रिटिशांच्या बाजूला सरकला आणि आपल्या लोकांना घेऊन सँडस्की नदीच्या खोऱ्यात, वायंडॉट लोकांच्या शेजारी राहायला गेला.

आता ८ मार्च १७८२. या तारखेपाशी सावकाश जायला हवं.

ओहायोच्या पूर्व भागात, टस्करावस नदीच्या काठी, ग्नाडेनहटन नावाचं गाव होतं. मोरेव्हियन पंथाचे जर्मन मिशनरी डेव्हिड झाइसबर्गर यांच्या पुढाकाराने १७७२ साली ते वसलं. राहणारे बहुतेक लेनापे आणि मोहिकन, सगळे ख्रिस्ती झालेले. पंथाचा आग्रह असा, की शस्त्र धरायचं नाही. लाकडी घरं, प्रार्थनाघर, शाळा, मक्याची शेतं, गुरं, घोडे. युद्धात ते कोणाच्याच बाजूने लढले नाहीत, आणि म्हणून दोन्ही बाजूंना त्यांचा संशय. झाइसबर्गर फोर्ट पिटला बातम्या कळवत असे हे ब्रिटिशांना ठाऊक होतं. १७८१च्या सप्टेंबरात वायंडॉट आणि पाइपच्या माणसांनी या गावकऱ्यांना गाव सोडायला लावलं आणि सँडस्कीकडे नेलं. पीक शेतातच उभं राहिलं. तो हिवाळा त्यांनी उपासात काढला. शेवटी फेब्रुवारीत दीडशेच्या आसपास लोक परवानगी काढून परत आले. कशासाठी? मागे राहिलेला मका काढून न्यायला.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवर काही वसाहतकार कुटुंबांवर हल्ले झाले होते. बदला घ्यायला दीडशेहून अधिक मिलिशियाची माणसं निघाली. म्होरक्या होता डेव्हिड विल्यमसन. शेतात मका काढणाऱ्या लोकांना त्यांनी गोड बोलून गोळा केलं. तुम्हाला फोर्ट पिटला नेतो, तिथे खायला मिळेल, म्हणाले. लोकांनी विश्वासाने शिकारीच्या बंदुका हवाली केल्या, शेजारच्या गावातल्या आपल्या माणसांनाही बोलावून घेतलं. मग त्यांना बांधलं. चोरीचा माल तुमच्याकडे सापडला, असा आरोप ठेवला. माल म्हणजे घरातली भांडी, कुऱ्हाडी, ठसा असलेले घोडे. आणि मिलिशियाने मतदान घेतलं. मारायचं की फोर्ट पिटला न्यायचं? न्यायचं म्हणणारे मूठभर निघाले. बांधलेल्या लोकांनी प्रार्थनेसाठी वेळ मागितला. तो मिळाला. रात्रभर ते आपल्या भजनांमध्ये होते. सकाळी पुरुषांना एका घरात आणि बायका-मुलांना दुसऱ्या घरात नेऊन, पिंपं बनवणाऱ्याच्या लाकडी हातोड्याने, एकेक करून मारलं. २८ पुरुष, २९ बायका, ३९ मुलं. एकूण ९६. नंतर घरं पेटवून दिली. दोन मुलगे वाचले, त्यांनी हे सांगितलं.

मतदान करून केलेली ही हत्या आहे, हे मला विसरता येत नाही. रागाच्या झटक्यात झालं, अंधारात झालं, शत्रू समजून झालं, असं काहीही म्हणायची सोय त्या लोकांनी ठेवली नाही. विल्यमसनवर किंवा इतर कोणावरही खटला झाला नाही. पुढे विल्यमसन त्याच्या कौंटीत शेरीफ म्हणून निवडून आला.

ग्नाडेनहटनमध्ये क्रॉफर्ड नव्हता. हे ठामपणे सांगायला हवं, कारण पुढे त्याने भोगलं ते बरंचसं या दिवसाचं होतं. त्या वसंतात सँडस्कीच्या गावांवर चालून जायची नवी मोहीम ठरली. फोर्ट पिटचा सेनापती विल्यम अर्व्हिन याला विल्यमसनच्या हाती ती द्यायची नव्हती. क्रॉफर्ड तेव्हा निवृत्त होऊन घरी होता. तो राजी झाला. निघण्याआधी त्याने मृत्युपत्र केलं. ४८०च्या आसपास घोडेस्वार ओहायो नदीच्या मिंगो बॉटम या ठिकाणी जमले. मिलिशियात नायक मतांनी निवडायची पद्धत होती. क्रॉफर्डला २३५ मतं पडली, विल्यमसनला २३०. पाच मतांनी क्रॉफर्ड सेनापती झाला, आणि विल्यमसन त्याचा दुय्यम. फौजेत ग्नाडेनहटनला हातोडा चालवलेले कितीतरी जण होते. समोरच्या बाजूला हे सगळं माहीत होतं.

या फौजेत एक विलक्षण माणूस होता, त्याच्याबद्दल थोडंसं. अर्व्हिनने आपला साहाय्यक मेजर जॉन रोझ याला क्रॉफर्डच्या मदतीला दिलं होतं. हा रोझ खरं तर बाल्टिक प्रांतातला जर्मन सरदार, बॅरन गुस्ताव रोझेनथाल. द्वंद्वयुद्धात कोणाचा तरी जीव घेऊन नाव बदलून अमेरिकेत पळून आलेला. मोहिमेची रोजनिशी त्याने लिहून ठेवली. ती सापडली म्हणून त्या फौजेची शिस्त किती ढिली होती आणि चांगल्या स्वभावाचा, थकलेला क्रॉफर्ड तिला कसा आवरू शकत नव्हता, ते आपल्याला कळतं.

फौज २५ मे १७८२ला निघाली. बाबांना ही तारीख सांगितली आणि ते एकदम ताठ बसले. "सालबाई!" म्हणाले. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सालबाईचा तह झाला तो १७ मे १७८२ला, म्हणजे बरोबर आठ दिवस आधी. एकच ब्रिटिश सत्ता तेव्हा दोन खंडांत युद्धं मिटवत होती. अमेरिकेत यॉर्कटाउनला हार मानलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस तर १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला, आणि टिपूविरुद्ध मराठ्यांचा दोस्त झाला. बाबा म्हणाले, की सालबाईच्या तहात निदान आपली माणसं बोलणी करायला होती. पुढच्या वर्षी पॅरिसला अमेरिका आणि इंग्लंड यांचा तह झाला तेव्हा ओहायोचा सगळा मुलूख इंग्लंडने अमेरिकेला देऊन टाकला. लेनापे, वायंडॉट, शॉनी यांचा त्या तहात उल्लेखसुद्धा नाही.

लढाई ४ जूनला सुरू झाली. वायंडॉटांचं गाव रिकामं सापडलं. डेट्रॉइटहून आलेले ब्रिटिश रेंजर, वायंडॉट आणि लेनापे समोर होते. दुसऱ्या दिवशी शॉनी येऊन मिळाले आणि क्रॉफर्डच्या फौजेने रात्री माघार घ्यायचं ठरवलं. त्या माघारीत सगळी पांगापांग झाली. क्रॉफर्ड मागे थांबला, कारण मुलगा जॉन, जावई आणि पुतण्या कुठे दिसत नव्हते. अंधारात तो त्यांना हाका मारत राहिला. ७ जूनला लेनापेंनी त्याला आणि फौजेचा वैद्य डॉ. जॉन नाइट याला पकडलं. जॉन पुढे सुखरूप घरी पोहोचला. जावई आणि पुतण्या मारले गेले.

कॅप्टन पाइपने क्रॉफर्डला पाहिलं आणि ओळखलं. फोर्ट पिटच्या कागदावर दोघांची नावं होती. १७७८च्या मोहिमेत पाइपच्या घरची माणसं गेली होती. आणि आता विल्यमसन ज्या फौजेत आहे तिचा सेनापती समोर बांधलेला होता. कैद्यांचे चेहरे काळ्या रंगाने माखले गेले. याचा अर्थ मृत्यूची शिक्षा. ११ जूनला टायमॉक्टीच्या काठी त्याला खांबाला बांधून, हाल करून, सावकाश जाळलं. त्या दोन तासांचं वर्णन डॉ. नाइटने केलं आहे. ते मी वाचलं. इथे देणार नाही. ते भयंकर आहे, आणि कोणत्याही कारणाने ते कमी भयंकर होत नाही. सुडाच्या हिशेबात विल्यमसनचं देणं क्रॉफर्डच्या अंगावर वसूल झालं. विल्यमसन तोवर उरलेली फौज घेऊन घराच्या वाटेला लागला होता.

डॉ. नाइट पहारेकऱ्याच्या हातून सुटला आणि तीन आठवडे जंगलातून चालत, कच्चा झाडपाला खात ४ जुलैला फोर्ट पिटला पोहोचला. त्याची हकिकत ह्यू हेन्री ब्रॅकनरिज या वकील लेखकाने १७८३ साली छापवली. ब्रॅकनरिजचं मूळ रहिवाशांबद्दलचं मत उघड होतं. त्यांचा जमिनीवर हक्क नाही आणि त्यांना दयामाया दाखवू नये, असं त्याने त्या पुस्तिकेबरोबरच लिहिलं. पुस्तिका पुन्हा पुन्हा छापली गेली. तिच्यामुळे दुभाष्या सायमन गर्टी, जो ब्रिटिशांकडे गेला होता आणि त्या दिवशी तिथे हजर होता, शंभर वर्षं अमेरिकी पोरांच्या गोष्टींमधला राक्षस बनून राहिला. १८७७च्या दगडावर जे कोरलं गेलं ते या पुस्तिकेवर पोसलेल्या पिढ्यांनी कोरलं.

कारण कोणाला माहीत नव्हतं, असं मात्र नाही. वॉशिंग्टनला क्रॉफर्डच्या मृत्यूची बातमी कळली तेव्हा तो हादरला. त्याचा जुना मित्र होता तो. पण त्याच ऑगस्टमध्ये अर्व्हिनला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टनने कारणही लिहिलं: मोरेव्हियन लोकांना जसं वागवलं गेलं त्यामुळे मूळ रहिवासी चिडलेले आहेत, आणि यापुढे आपल्या माणसांनी जिवंत त्यांच्या हाती लागू नये. ज्याने जमिनी हेरायला सांगितल्या त्यानेच हेही समजून घेतलं होतं. पंच्याण्णव वर्षांनी दगड कोरणाऱ्यांना ते एक वाक्य कोरणं अवघड नव्हतं.

त्या उन्हाळ्यातच मी बाबांना ग्नाडेनहटनलाही नेलं. गाव आज लहानसं, शांत आहे. जिथे मृतांना एकत्र पुरलं तो उंचवटा आहे, त्याच्यावर गवत कापलेलं असतं. पुन्हा बांधलेलं प्रार्थनाघर आहे, पिंपं बनवणाऱ्याचं घर आहे. मधोमध १८७२ साली उभारलेला उंच स्तंभ. त्यावर नव्वद ख्रिस्ती इंडियनांचा उल्लेख आहे. सहा जणांची नोंद दगडावर नाही. बाबा तिथे चपला काढून उभे राहिले. मुलांची संख्या वाचून त्यांनी मला विचारलं, "शाळा होती ना गं यांची?" होती म्हटलं. मास्तर माणसाला तेवढंच विचारायचं होतं.

वायंडॉट लोक सँडस्कीच्या खोऱ्यात आणखी साठ वर्षं राहिले. मेथडिस्ट झाले, शेती केली, गिरणी चालवली, १८२४ साली दगडी चर्च बांधलं. १८४२ साली चार्ल्स डिकन्स अमेरिका हिंडताना अपर सँडस्कीत मुक्कामाला होता. जमीन सोडण्याचा करार नुकताच झाला होता, आणि करार करणारा सरकारी अधिकारीच त्याला तिथे भेटला. पुढच्या वर्षी, जुलै १८४३मध्ये, सहाशेहून अधिक माणसं गाड्या जुंपून सिनसिनाटीपर्यंत गेली आणि तिथून आगबोटीने कॅन्ससकडे. ओहायो सोडणारं ते शेवटचं मूळ राष्ट्र. जाण्याआधी त्यांनी आपल्या कबरींची आणि चर्चची देखभाल मेथडिस्टांवर सोपवली. २०१९ साली मेथडिस्ट चर्चने ती जागा वायंडॉट नेशनला परत केली. आज हे राष्ट्र ओक्लाहोमात आहे.

माझं मत असं आहे, की टायमॉक्टीचा दगड हलवू नये आणि त्यावरची अक्षरं खोडू नयेत. क्रॉफर्ड शूर होता, आणि त्याने भोगलेलं दुःख खरं आहे. पण त्याच्या शेजारी एक नवा फलक हवा, आणि त्यावर तीन तारखा हव्यात: १७ सप्टेंबर १७७८, ८ मार्च १७८२ आणि ११ जून १७८२. ओतीव अॅल्युमिनिअमवर तेवढी जागा नक्की असते. त्यासाठीचा अर्ज तिथल्या लोकांनी वायंडॉट आणि लेनापे राष्ट्रांना विचारून, त्यांच्या शब्दांसह करावा.

तोवर, ओहायोत राहणाऱ्या किंवा इथे मुलांकडे येणाऱ्या मराठी माणसांना एक विनंती. नायगराकडे जाता-येता एक दिवस काढा. ग्नाडेनहटन ते टायमॉक्टी हे अंतर मोटारीने अडीच तासांच्या आसपास आहे, रस्ता चांगला आहे. नातवंडांना बरोबर न्या. आणि आधी ग्नाडेनहटनला जा.